जेठाचं ढेकूळ

माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ गोष्टी सांडल्या. दूध सांडलं, तेल सांडलं, एकदा तर व्याह्यांच्या पंगतीत आख्खी आमटी सांडली. त्या सगळ्याची बोलणी मी खाल्ली आणि विसरून गेले. एकदा फक्त तांब्याभर पाणी सांडलं. त्याबद्दल मला कोणी अवाक्षर बोललं नाही, आणि तेच माझ्या छातीवर बसून राहिलं.

माझं माहेर जामनेरकडचं. लग्न होऊन मी शिंदखेड्याच्या आतल्या अंगाला एका लहान गावात आले, तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालेलं होतं. फाट्यावर एस.टी.तून उतरायचं आणि तिथून तासभर चालायचं. गावाच्या पाठीशी बुटक्या डोंगरांची रांग, आणि त्या डोंगरांवर अंजनाचं जंगल. जंगल म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे हिरवी गर्दी येते. आमचं जंगल तसं नव्हतं. दगडातून वर आलेली अंजनाची सरळ झाडं, मधूनमधून धावडा, सलई, पळस, चार-दोन मोह आणि खाली वाळकं गवत. पावसाळ्याचे तीन महिने सोडले तर वर्षभर पायाखाली पाचोळा वाजायचा. पहिल्या वर्षी मला ते जंगल मेलेलं वाटायचं. मी तसं बोलूनही दाखवलं, आणि सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा बोलले नाही.

सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. उंच, काटक माणूस, बोलणं मोजकं. पाऊस केव्हा येणार हे गाव आबांना विचारायचं. त्यांनी कुठलं पुस्तक वाचलेलं नव्हतं, अंगात देवही येत नव्हता. ते पाहायचे, एवढंच. होळी झाली की रोज सकाळी काठी घेऊन जंगलात एक फेरी मारायचे. अंजनाला नवी पालवी केव्हा फुटली, मोहाची फुलं किती दिवस गळत राहिली, कावळ्याने घरटं शेंड्यावर बांधलं की आतल्या फांदीत दडवून, टिटवीने अंडी कुठं घातली, सगळं बघून यायचे आणि घरी आल्यावर एखाददुसरं वाक्य टाकायचे. त्यातल्या एकेका गोष्टीवर त्यांचा भरवसा नसायचा. पाच-सहा गोष्टी एका दिशेला बोट दाखवायला लागल्या की मगच ते काही ठरवत. 

घरात रेडिओ होता. त्यावर हवामान सांगायचे, "तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता." आमचे हे म्हणायचे, "या तुरळक ठिकाणी जाऊन राहायला पाहिजे, आपलं गाव काही त्यात येत नाही." आबा हसायचे नाहीत, पण रेडिओ बंदही करायचे नाहीत. तोही ते ऐकून घ्यायचे, टिटवीचं ऐकायचे तसंच.

या सगळ्या पाहण्याचा शेवट आखाजीला व्हायचा. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, खान्देशात दिवाळीपेक्षा मोठा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, पितरांच्या नावाने घागर भरतात. आमच्या गावात एक घागर आणखी भरली जायची, पावसाची. आबा स्वतः शेतातून चार ढेकळं आणायचे, एकाच वावरातली, एकाच आकाराची. अंगणात लिंबाखाली चार दिशांना ती मांडायचे. पूर्वेचं जेठ म्हणजे ज्येष्ठ, मग आखाड, सावन आणि भादवा. त्या चौघांच्या डोक्यावर नवी कोरी घागर ठेवायची, तिला चार बाजूंना हळदीकुंकवाची बोटं लावायची आणि दिवेलागणीला ती गळ्यापर्यंत पाण्याने भरायची. नवी घागर रात्रभर झिरपते. सकाळी जे ढेकूळ ओलं, तो महिना पावसाचा. जे कोरडं, तो कोरडा. ढेकळांना हात लावायचा हक्क एकट्या आबांचा. घागर भरायचा मान घरच्या बाईचा.

जेठाच्या ढेकळाला गाव फार मानायचं, कारण त्यावर धूळपेरणी ठरायची. जेठ ओला निघाला तर लोक पावसाआधीच कोरड्या मातीत बी पेरून टाकत, म्हणजे पहिल्या पाण्यालाच पीक उगवून वर येई आणि दोन-तीन आठवडे हाताशी लागत. आमच्याकडचा पाऊस तोंडदेखला. लवकर आला तर लवकर जातो, आणि ते दोन-तीन आठवडे ज्याला सापडले त्याचं धान्य घरात येतं. पण पाऊस लांबला की पेरलेलं बी मातीतच जातं. तेव्हा हा डाव होता, आणि तो खेळायचा की नाही हे जेठाचं ढेकूळ सांगायचं.

माझ्या लग्नाला चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. त्याआधीची लागोपाठ दोन वर्षं वाईट गेली होती. दोन्ही आखाजींना जेठ कोरडा निघाला होता, आणि आबांनी दोन्ही वेळा गावाला थांबायला सांगितलं होतं. गाव थांबलं, पाऊस उशिरा आला, आणि मग जो आला तो पिकाला पुरला नाही. आबा बरोबर निघाले होते, पण बरोबर निघून कोणाचं पोट भरत नाही. गुरांच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. जवळजवळ सगळ्यांच्या घरातलं बी कमी झालं होतं.

त्या वर्षी मला आखाजीला माहेरी पाठवलं नाही. सासूबाईंची कंबर धरली होती, त्या अंथरुणावरून उठत नव्हत्या. "आवंदा तू जाऊ नको, बेटा. घागर कोन भरी?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता, पण माझ्या मनात राग मावत नव्हता. जामनेरला माझ्या दोघी बहिणी आल्या असतील, झोके चढले असतील, आणि मी इथे पुरण वाटत बसलेली. दिवसभर मी भांडी आपटली. कोणी काही विचारलं की तुटक उत्तर दिलं. माझा स्वभाव तसा आहे, तेव्हाही होता. राग आला की तो हातात उतरतो.

दिवेलागणीला घागर भरायला गेले. विहिरीवरून आणलेलं पाणी हंड्यात होतं, त्यातून तांब्याने घालत होते. शेजारच्या अंगणात कुणाची तरी माहेरी आलेली लेक झोक्यावर गात होती. ते गाणं ऐकलं आणि मला भडभडून आलं. शेवटचा तांब्या मी घागरीवर जवळजवळ आदळला. पाणी गळ्यावरून उसळलं आणि पूर्वेच्या अंगाने खाली घरंगळलं. जेठाच्या ढेकळावर काळा डाग उमटला.

मी तशीच उभी राहिले. पदराने ते टिपावं असं वाटलं, पण ढेकळाला हात लावायचा नव्हता. आबांना हाक मारावी, तर घरात हलकल्लोळ झाला असता. सासूबाई म्हणाल्या असत्या, माहेरी पाठवलं नाही म्हणून मुद्दाम केलं. आणि थोडं मुद्दामच होतं ना. पाणी सांडायचं असं काही मी ठरवलं नव्हतं, पण तांब्या तरी रागानेच ओतला होता. मी स्वतःला समजावलं की उन्हाळा एवढा आहे, सकाळपर्यंत सुकून जाईल. हंडा उचलला आणि आत गेले.

सकाळी उजाडताच अंगणात माणसं जमली. पंधरा-वीस बाप्ये, चार-सहा बायका. आबा उकिडवे बसले. त्यांनी एकेका ढेकळाकडे पाहिलं. भादवा जरासा ओलसर, सावन ओला, आखाड कोरडाठाक. जेठाच्या ढेकळाजवळ ते बराच वेळ बसले. ढेकूळ भिजून पसरलं होतं. त्यांनी घागरीकडे पाहिलं, मग माणसांकडे पाहिलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. त्यांनी माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

"जेठ ओला शे," आबा म्हणाले.

मला ते तोंड आजही आठवतं, सगळ्या गावाचं मिळून झालेलं एक तोंड. दोन वर्षांनी कोणीतरी चांगलं बोललं होतं. एक म्हातारा रडायलाच लागला. कोणीतरी म्हणालं, "मंग धूळपेरनी करी टाकूत," आणि आबांनी मान हलवली. मी आत जाऊन चुलीपुढे बसले.

त्यानंतरच्या दिवसांत मला एक गोष्ट सतत टोचत होती. आखाजीच्या आठवडाभर आधी आबा जंगलातून आले होते आणि पाय धुता धुता म्हणाले होते, "टिटवीनी नालाम्हा अंडा घालात. आवंदा पानी लांबी." टिटवी नाल्याच्या पात्रात अंडी घालते तेव्हा तिला पुराची भीती नसते. म्हणजे पाऊस उशिरा. ते वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. मग एका ओल्या ढेकळापुढे आबा टिटवीला कसे विसरले? मी स्वतःला सांगितलं, त्यांना जास्त कळतं. खरं म्हणजे मला तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

आमच्या घराला लागून अक्कांचं घर. अक्का विधवा, साठीकडे झुकलेल्या. मुलगी दोंडाईच्याजवळच्या गावात दिलेली, घरात दुसरं कोणी नाही. शेत थोडं, तेही डोंगराच्या पायथ्याशी मुरमाड. पण त्या शेतात अक्का जी बाजरी घ्यायच्या तशी सगळ्या पंचक्रोशीत कोणाकडे नव्हती. दाणा लालसर, कणसाला लांब कुसळं, त्यामुळे पाखरं तोंड लावत नसत. कमी पावसात तग धरायची आणि सगळ्यांच्या आधी कापणीला यायची. ते बी अक्का लग्नात माहेराहून ओटीत घेऊन आल्या होत्या, आणि त्यांच्या आईनेही तसंच आणलं होतं म्हणे. गावात कोणी मागितलं तर त्या मूठभर द्यायच्या, पण बाकीच्यांच्या काळ्या जमिनीत ते टिकायचं नाही. दर वर्षी कणसं निवडून, राखेत घोळवून, त्या ते एका वाळलेल्या भोपळ्यात भरून आढ्याला टांगायच्या. अर्धं पेरायचं, अर्धं राखायचं, असा त्यांचा नेम होता.

धूळपेरणीला अक्कांनी मला बोलावलं. त्यांच्या तिफणीच्या चाड्यावर मूठ धरायला कोणी नव्हतं. पेरणीत बाई चाड्यात बी सोडते, ते नळ्यांतून मातीत जातं. हे काम शिकावं लागतं, मूठ घट्ट धरली तर बी पडत नाही, सैल सोडली तर ढीग पडतो. मला ते चांगलं जमायचं आणि मला त्याचा गर्वही होता.

बांधावर बसून अक्कांनी भोपळ्याचं तोंड उघडलं. दोन वाईट वर्षांनंतर भोपळ्यात बी थोडंच उरलं होतं. त्यांनी ते सगळं सुपात ओतलं.

"अर्धं ठेवा ना, अक्का," मी म्हणाले.

"अर्धंम्हा वावर कसं भरी?" त्या म्हणाल्या. "आबानी सांगं ना, जेठ ओला शे."

मी पुढे बोलू शकले असते. आजूबाजूला कोणी नव्हतं, आम्ही दोघी आणि बैल धरणारा गडी. तोही लांब उभा होता. मी म्हणू शकले असते, अक्का, ते पाणी माझ्या हातचं आहे. माझ्या तोंडात शब्द आले होते. मग मला वाटलं, यांना सांगितलं तर गावाला कळेल, आबांचा शब्द खोटा पडेल, आणि कुणी सांगावं, पाऊस येईलही. मी ओटीत बी घेतलं आणि तिफणीमागे चालायला लागले. त्या दिवशी माझी मूठ इतकी एकसारखी पडली की गडी म्हणाला, "वहिनी, तुमनी मूठ म्हंजे मूठ." लाल बाजरीचा शेवटचा दाणा माझ्या या हाताने मातीत गेला.

मृगात एक सर आली. लहानशी, धूळ बसवणारी. तिच्याने बी उगवलं. सगळ्या गावात हिरव्या रेघा दिसायला लागल्या, लोक शेताच्या बांधावर जाऊन नुसते उभे राहायचे. अक्का रोज संध्याकाळी जाऊन यायच्या आणि मला सांगायच्या, बोटभर झाली, दोन बोटं झाली. मग आकाश स्वच्छ झालं. वारा सुटला, कोरडा, पश्चिमेचा. पंधरा दिवस गेले, वीस गेले. रेघा पिवळ्या पडल्या आणि मग मातीच्या रंगाच्या झाल्या. एके दिवशी अक्का शेतातून आल्या. ओट्यावर बसून पायाची धूळ झटकत राहिल्या.

खरा पाऊस आखाड सरता सरता आला. ज्यांच्याकडे थोडं बी होतं त्यांनी दुबार पेरलं. काहींनी दोंडाईच्याच्या बाजारातून दुकानातलं बी आणलं. अक्कांना सगळ्यांनी सांगितलं की तेही पेरा. त्यांनी नाकारलं. "ते मनं नही," माझं नाही, एवढंच म्हणाल्या. त्यांच्या मुरमाड जमिनीत ते तगलंही नसतं म्हणा. त्या पावसाळ्यात त्यांचं शेत तसंच पडून राहिलं.

ते वर्ष गावाने जंगलावर काढलं, आणि तेव्हा मला पहिल्यांदा ते जंगल कळलं. उन्हाळ्यात वेचून वाळवलेली मोहाची फुलं भाकरीच्या पिठात मिसळली. पहिल्या पाण्यावर उगवलेला तरोटा, कुरडू, जे हिरवं दिसेल ते शिजवलं. गुरांसाठी अंजन होताच. अंजनाचा पाला गुरं आवडीने खातात, आणि बाकी सगळं वाळून जातं तेव्हाही तो असतो. आबांनी नियम घालून दिला की शेंड्याला कोणी कोयता लावायचा नाही आणि एक डहाळी तोडली तर तिच्या शेजारची ठेवायची. वनखात्याचा रखवालदार आधी आडवा आला, मग नियम ऐकून घेतला आणि पाठ फिरवून बसला. आम्ही बायका रोज भारे आणायचो. डोक्यावरच्या ओल्या पाल्याचा वास नाकात भरायचा. ज्याला मी मेलेलं जंगल म्हणाले होते, त्याने आमची गुरं जगवली. मी हे नंतर सासूबाईंना म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "आते समजनं का जामनेरवालीले?" आणि दोघी हसलो. त्या वर्षातलं एवढंच हसणं मला आठवतं.

दिवाळी झाल्यावर अक्का मुलीकडे निघाल्या. शेत कोणाला तरी निम्म्या वाट्याने दिलं. जाताना त्यांनी भोपळा माझ्या हातात दिला. "ठी ले. बी ठेवाले कामे ई," म्हणाल्या. रिकामा भोपळा. मी तो घेतला, कारण नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागलं असतं.

पुढच्या आखाजीला आबांनी घागर मांडली, पण सकाळी लोक जमले तेव्हा ते म्हणाले, "देखा, तुमीच देखा," आणि बाजूला झाले. तेव्हापासून त्यांनी ढेकळांचा निकाल कधी तोंडाने सांगितला नाही. मात्र एक नवी गोष्ट सुरू केली. आखाजीच्या दिवशी प्रत्येक घराने आपल्या बियातला निम्मा वाटा आणून आमच्या कणगीत टाकायचा, वेगवेगळ्या गाठोड्यांत, खूण करून. मृग संपून जमिनीत वीतभर ओल उतरल्याशिवाय ते कोणाला परत मिळायचं नाही, पाया पडला तरी नाही. ओल किती उतरली हे आबा स्वतः खुरप्याने उकरून पाहायचे. लोकांनी सुरुवातीला कुरकुर केली, काही तर चिडलेही. पण पुढच्या पाच-सात वर्षांत दोनदा पहिली पेरणी गेली, आणि दोन्ही वेळा कणगीने गाव वाचवलं. मग आजूबाजूच्या दोन गावांनीही ते उचललं. कणगीची राखण माझ्याकडे होती. लोक माझी स्तुती करायचे, घरच्या सुनेने किती निगुतीने सांभाळलं म्हणायचे. ती ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मी लाल बाजरी शोधत राहिले. दोंडाईच्याच्या बाजाराला गेले की धान्याच्या प्रत्येक ढिगाजवळ थांबायची, मूठ भरून उजेडात धरायची. शिंदखेड्याला, जामनेरला, कुठल्या लग्नाला गेले तर तिथेही. अक्कांच्या माहेरच्या गावी निरोप धाडला. तिथेही सगळ्यांनी दुकानातलं बी धरलं होतं. गावात ज्यांना अक्कांनी मूठमूठ दिली होती त्यांच्याकडेही काही उरलं नव्हतं. भोपळा आमच्या आढ्याला रिकामाच टांगलेला होता. एकदा आमच्या ह्यांनी विचारलं, "त्यात काही भरत का नाहीस?" मी म्हणाले, भरेन कधीतरी.

नव्वदचं दशक लागलं आणि आबा थकले. शेवटच्या आखाजीला त्यांना शेतापर्यंत जाणं होईना. आदल्या दुपारी लिंबाखाली बाजेवर बसल्या बसल्या ते मला म्हणाले, ढेकळं तू आण. ढेकळांना हात लावायचा हक्क पहिल्यांदा दुसऱ्या कोणाला मिळत होता. मी चार ढेकळं आणली. त्यांनी एकेक हातात घेऊन वजन पाहिलं, एक बाजूला ठेवलं, दुसरं आणायला सांगितलं. मी ते आणून दिलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तांब्या, राग, झोक्यावरचं गाणं, डाग. अक्कांचं बी माझ्या हाताने पेरलं हेही. सांगताना मी रडले नाही. सगळं रडणं आधीच होऊन गेलेलं होतं.

आबांनी ढेकूळ खाली ठेवलं.

"घागरवरनं कुंकू वघळेल व्हतं," ते म्हणाले. "पूर्वना अंगले. मी देखं. पानी सांडेल शे हाई माले तव्हयच समजनं."

झिरपलेल्या पाण्याने कुंकू ओघळत नाही, ते ओघळतं वरून सांडलेल्या पाण्याने. संध्याकाळच्या अंधुक उजेडात ते मला दिसलं नव्हतं. त्यांना सकाळी दिसलं होतं. मग मी म्हणाले, "मंग तुम्ही तसं कसाले सांगं, आबा?"

लिंबाची पिकली पानं बाजेवर पडत होती, ती आबा एकेक उचलून बाजूला टाकत होते.

"दोन साल मी कोरडं सांगं," ते म्हणाले. "त्या दिन बठ्ठं गाव मना तोंडकडे देखी राह्यनं व्हतं. माले बी जेठ ओलाच पाहिजे व्हता."

मी खाली बसले. इतकी वर्षं मी समजत होते की मी एका जाणत्या माणसाला फसवलं. कणगी हा त्यांचा शहाणपणा आहे असं मला वाटायचं. त्या दुपारी कळलं की ते प्रायश्चित्त होतं, आणि ते त्यांनी एकट्याने चालवलं होतं, माझ्याच हातांनी. मला त्यांचा राग आला. खोटं कशाला सांगू, फार राग आला. ते एक शब्द बोलले असते तर दोघांचं ओझं निम्मं झालं असतं. पण तोच एक शब्द मीही बोलले नव्हते.

"अक्काले सांगी दे," आबा म्हणाले. "तुन्ही चूक बी, मन्ही चूक बी."

त्या वर्षी पाऊस वेळेवर आला. श्रावणात आबा गेले. पेरण्या झाल्या होत्या, डोंगर हिरवा होता.

थंडी पडल्यावर मी दोंडाईच्याची गाडी धरली आणि तिथून अक्कांच्या मुलीच्या गावी गेले. अक्का ओसरीवर उन्हात बसल्या होत्या. नजर कमी झाली होती, पण आवाजावरून त्यांनी मला लगेच ओळखलं. त्यांच्या मुलीने चहा दिला आणि ती आत गेली. मी अक्कांच्या पायाशी बसले. येताना गाडीत शब्द जुळवले होते, त्यातला एकही कामाला आला नाही. जसं सुचलं तसं सांगितलं. आधी माझं, मग आबांचं. सांगून झाल्यावर मान खाली घालून बसले. त्यांनी शिव्या द्याव्यात असं मला मनापासून वाटत होतं.

अक्कांनी सगळं ऐकलं. आबा गेल्याचं त्यांना आधीच कळलं होतं, तरी त्यांनी पुन्हा एकदा पदर डोळ्यांना लावला. मग त्या माझ्याकडे सरकल्या. आवाज खाली आणून, आतल्या लेकीला ऐकू जाऊ नये अशा बेताने त्यांनी विचारलं,

"ती लाल बाजरी कोठे भेटनी का, पोरी?"

मी म्हणाले, "नही, अक्का."

त्यांनी मान डोलावली. थोड्या वेळाने त्यांनी उजवा हात पुढे केला, डाव्या हाताची बोटं त्यावर कोपराच्या खाली ठेवली, आणि कणीस केवढं यायचं ते मला दाखवलं. मी विसरले असेन असं त्यांना वाटलं असावं.